हत्तीचं गाणं, संथ लयीत

हाताशी थोडा निवांत वेळ असेल तेव्हाच हे वाचायला घ्या. यात वाचण्यापेक्षा ऐकण्याचं काम जास्त आहे, आणि ऐकायचं आहे ते मनातल्या मनात. फोन दुसऱ्या खोलीत ठेवता आला तर फारच चांगलं. पाठ टेकून बसा. मी ‘थांबा’ म्हणेन तिथे खरंच थांबा. पुढची ओळ कुठे पळून जात नाही.

शाळेत रोज म्हटलेलं एखादं गाणं आठवा. प्रार्थना असेल, समूहगीत असेल, शाळेचं स्वतःचं गीत असेल. ते म्हणू नका, फक्त त्याची चाल येते का पाहा. शब्द आधी धावत येतील. त्यांना येऊ द्या, पण त्यांच्या मागे जाऊ नका. चाल कधी एकटी येत नाही, हे थोड्या वेळात लक्षात येईल. तिच्याबरोबर मैदानावरचं कोवळं ऊन येतं, रांगेतल्या पुढच्या मुलीची घट्ट वेणी येते, बाईंच्या पेटीचा भाता येतो, आणि वरचा सूर लागताना सगळा वर्ग मिळून कसा जरासा खाली घसरायचा तेही येतं.

थांबा. ते घसरणं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता थायलंडला जाऊ. सकाळचे आठ वाजलेत. शाळेच्या पटांगणात पांढऱ्या सदऱ्यांच्या रांगा लागल्या आहेत आणि ध्वज वर चढतो आहे. मुलं राष्ट्रगीत म्हणतात. त्याची चाल १९३२ सालची, फ्रा चेनदुरियांग यांनी बांधलेली. वडील जर्मन वंशाचे बँडमास्तर, आई मॉन जमातीची, आणि मुलगा पाश्चात्त्य संगीतात मुरलेला. पुढे १९३०च्या दशकात पारंपरिक थाई चाली पाश्चात्त्य लिपीत उतरवून ठेवण्याचं मोठं काम याच माणसाच्या देखरेखीखाली झालं. म्हणजे थाई मुलाची सकाळ एका युरोपीय धाटणीच्या बँडच्या सुरावटीने उजाडते, आणि वर्गात गेल्यावर त्याच्या तोंडी येतं ते गाणं मात्र खूप जुन्या मातीतलं असतं. आपल्याला या दुसऱ्या गाण्यापाशी बसायचं आहे.

थायलंडमध्ये वाढलेल्या कुणालाही बालवाडीतलं गाणं विचारा, हत्तीचं गाणं निघणार याची जवळजवळ खात्रीच धरा. ते हत्तीला हाका मारत सुरू होतं, समोरच्या पोराला एक प्रश्न विचारतं आणि मग हत्तीच्या अवयवांची ओळख करून देतं. मुलं हातांची सोंड करून ते म्हणतात. शब्द आहेत खुनयिंग चिन सिल्पबन्लेंग यांचे. चाल त्यांची नाही. ती ‘फमा ख्वे’ नावाची जुनी पारंपरिक चाल आहे. ‘फमा’ म्हणजे ब्रह्मदेशी. थाई संगीतात परमुलखांची नावं घेणाऱ्या अशा पुष्कळ चाली आहेत: मॉन, लाव, चिनी, आणि ‘खएक’, म्हणजे भारत किंवा मलय मुलखातल्या लोकांची. या चाली त्या त्या देशातून उचललेल्या असतातच असं नाही. तो मुलूख थाई कानाला कसा ऐकू येतो, याचं ते चित्र असतं. पाच वर्षांचं पोर हत्तीविषयी गातं तेव्हा शेजारच्या देशाची एक जुनी आठवणही त्याच्या गळ्यातून जात असते. त्याला ते माहीत नसतं, आणि माहीत असण्याची गरजही नाही.

ही चिनबाई कोण, हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. जन्म १९०६, मृत्यू १९८८. शाळांमधल्या संगीतशिक्षणासाठी त्यांनी आयुष्य वेचलं. त्यांचे वडील म्हणजे लुआंग प्रदित फैरो (१८८१–१९५४), थाई संगीतातलं एक फार मोठं नाव. ‘रनात एक’ या लाकडी पट्ट्यांच्या वाद्यावर त्यांच्यासारखा हात क्वचितच कुणाचा पडला असेल. १९०८ मध्ये ते राजपुत्र भानुरंगसी यांच्याबरोबर जावाला गेले आणि येताना बांबूचं आंगक्लुंग हे वाद्य घेऊन आले. आज ते थाई शाळांमध्ये मुलं वाजवतात. १९४०च्या दशकात फिबूनसोंग्रामच्या सरकारने देश ‘आधुनिक’ करण्याच्या भरात पारंपरिक संगीतावर बंधनं घातली, तेव्हा या वादकाने ‘सेन खम न्युंग’ ही रचना केली. त्यांच्या आयुष्यावर बेतलेला ‘होम रोंग’ हा २००४ चा चित्रपट काहींनी पाहिला असेल.

आणि चिनबाईंचा धाकटा भाऊ प्रसित (१९१२–१९९९) संगीत शिकायला टोकियोला गेला. तिथे त्याला गुरू भेटले क्लाउस प्रिंग्जहाइम, म्हणजे गुस्ताव माहलरचे शिष्य आणि थॉमस मान यांचे मेहुणे. प्रसितने पुढे पाश्चात्त्य वाद्यवृंदासाठी ‘सायमीज स्वीट’ नावाची रचना केली.

या घराचं चित्र जरा डोळ्यांपुढे धरा. बाप रनातवर जुन्या चाली फुलवतो. मुलगी त्यातलीच एक परंपरागत चाल घेऊन लेकरांना हत्तीची ओळख करून देते. मुलगा माहलरच्या शिष्याकडून शिकून थाई मन व्हायोलिन-चेलोंतून बोलता येतं का ते पाहतो. परंपरा, शाळा आणि वाद्यवृंद ही तीन टोकं एका छपराखाली नांदत होती. ‘पारंपरिक गाण्याला आधुनिक रूप’ असा विषय निघाला की परंपरा एका देशाची आणि आधुनिकता दुसऱ्या देशाची, असं आपण गृहीत धरून चालतो. हे घर आठवलं की ते गृहीतक टिकत नाही.

आता सावकाश कामाला लागू. कल्पना करा, हत्तीच्या या गाण्याला वाद्यवृंदाचं रूप द्यायचं आहे, आणि ते काम तुमच्यावर सोपवलं आहे. घाई कसलीच नाही.

पहिली पायरी: शब्द उतरवून ठेवा.

हे वाटतं तेवढं सोपं नाही. थाई भाषेत प्रत्येक अक्षराला स्वतःची उंची असते. पाच स्वराघात आहेत, आणि उच्चार चढला-उतरला की अर्थच बदलतो. जुन्या गायकीत त्यामुळे शब्द म्हणून झाला की गळा पुढे निव्वळ आलापीसारखा वाहत राहतो. या वाहण्याला ‘उएन’ म्हणतात. एका शब्दानंतर दुसरा यायला बराच वेळ जातो, आणि चालीचं खरं वळण त्या मधल्या जागेत असतं. शाळेतल्या लेकरांना हे झेपत नाही. त्यांच्यासाठी प्रत्येक सुरावर एक अक्षर बसवायचं, मधल्या जागा भरून टाकायच्या, अशी ‘नुएआ तेम’ म्हणजे भरलेल्या शब्दांची पद्धत आली. पुष्कळशी शालेय आणि देशभक्तिपर गाणी जुन्या चालींवर अशीच उभी राहिली. गाणं सोपं झालं, लाखो मुलांच्या तोंडी बसलं. मधली जागा मात्र बुजली.

म्हणून शब्द काढून घेतलेत की तुमच्या हातात दोन चाली येतात. एक अक्षरागणिक टप्पे टाकणारी, शाळेतली. दुसरी तिच्याखाली दबलेली, वाहती. ओबोला यातली कुठली द्याल?

थांबा. दोन्ही मनात वाजवून पाहा. पहिली ऐकताच श्रोत्याला ओळख पटेल, तो हसेल. दुसरी ऐकताना तो बुचकळ्यात पडेल, आणि मग केव्हातरी, चौथ्या-पाचव्या वळणावर, आपण हे लहानपणी म्हणत होतो असं त्याच्या लक्षात येईल. मला स्वतःला दुसरा मार्ग मोलाचा वाटतो. पहिल्याने टाळ्या मिळतात हे खरं. पण मधल्या बुजलेल्या जागा पुन्हा मोकळ्या करण्याची संधी वाद्यवृंदाला आहे, कारण त्याला शब्द सांभाळायचे नाहीत. ती संधी वाया घालवली तर मग साठ-सत्तर माणसं रंगमंचावर बसवायची कशाला?

दुसरी पायरी वजनाची.

थाई वाद्यमेळात ‘चिंग’ नावाच्या दोन छोट्या पितळी वाट्या असतात, मंजिऱ्यांच्या जातीच्या. त्यांचे आवाज दोनच. वाट्या एकमेकींना घासून सोडल्या की ‘चिंग’, असा मोकळा, घुमणारा. दाबून धरल्या की ‘छप’, बंद. हे दोन ठोके आलटून-पालटून चालतात आणि सगळं संगीत त्यांच्यावर तोलून उभं राहतं. मांडीवर हलक्या हाताने करून पाहा: मोकळा, बंद, मोकळा, बंद. आता वजन कशावर आहे? ऐकणाऱ्याचं मन मोकळ्या ठोक्याकडे ओढलं जाईल, कारण तो गोड आहे. पण भार असतो ‘छप’वर. आवर्तनातली सर्वांत जड जागा ही शेवटची. वाक्य तिकडे चालत जातं आणि तिथे टेकतं.

हिंदुस्थानी संगीत ऐकणाऱ्या मराठी माणसाला हे समजायला कष्ट पडू नयेत. आपण समेला ‘एक’ म्हणून मोजतो खरं, पण मनाने तिथे येऊन पोचतो. ‘आली’ म्हणून मान डोलते ती त्या पोचण्याला. पाश्चात्त्य स्वरलिपीत मात्र पहिल्या मात्रेपासून निघायचं असतं. संचालकाची काठी खाली पडते ती ‘एक’वर, आणि तिथून पुढे धाव. थाई चाल या लिपीत सरळ उतरवली, वादकांनी सवयीने पहिली मात्रा दाबली, की चालीचा तोल सुटतो. स्वर तेच राहतात, क्रम तोच राहतो, आणि तरीही ऐकणाऱ्या थाई म्हाताऱ्याला काहीतरी पाऊल चुकल्यासारखं वाटतं. हा दोष कानाला चटकन सापडत नाही म्हणूनच वाईट. चांगला रचनाकार वजन शेवटाला ठेवतो. चेलो आणि डबल बास यांचा सूर तो वाक्य संपताना आणतो, सुरुवातीला नाही. एवढ्याने निम्मं काम होतं.

मांडीवरचा हात थांबवा. मनातला ठोका चालू राहू द्या.

आता थर. इथे आपण जरा जास्त वेळ बसू, कारण माझ्या मते सगळा प्रश्न इथेच येऊन अडतो.

‘पीफात’ हा थाई मंदिरांचा, नाटकांचा, गुरुपूजेचा वाद्यमेळ. त्याच्या मध्यभागी ‘खोंग वोंग याई’ असतं: वेताच्या गोल चौकटीवर मांडलेल्या १६ घंटा, आणि त्या गोलात मांडी घालून बसलेला वादक. त्याच्याकडे चालीचा गाभा असतो, अगदी साधा, सांगाडा म्हणावा असा. समोरचा रनात एक, २१ पट्ट्यांचा, तीच चाल घेतो, पण दोन्ही हातांनी सप्तकाच्या अंतराने, दाट, न थांबणारी. रनात थुम तीच चाल घेतो आणि तिची खोडी काढतो, मागे रेंगाळतो, एकदम उडी मारतो. ‘पी नाई’ हे शहनाईच्या कुळातलं वाद्य या सगळ्यांच्या वरून तरंगत जातं. चाल एकच. तरी कुणीही दुसऱ्याचं वाजवत नाही. वारीच्या वाटेवर सगळे पंढरपूरलाच निघालेले असतात, प्रत्येकाची पावलं मात्र निराळी पडतात, तसं हे. आणि जिथे ‘छप’चा जड ठोका येतो तिथे सगळे एका सुरावर भेटतात.

या संगीतात पाश्चात्त्य अर्थाची हार्मनी नाही. एक चाल वर आणि तिच्याखाली आधाराला उभे केलेले स्वरसमूह, अशी रचनाच नाही. आता सर्रास काय केलं जातं ते पाहा. चाल पहिल्या व्हायोलिनांना. खाली ठरावीक चार स्वरसमूह. दुसऱ्या कडव्याला बासरी. मग हार्पचा झोत, टिंपनीची गडगड, शेवटचं कडवं पितळी वाद्यांत, आवाज टिपेला. श्रोते उभे राहतात. मी हे वाईट हेतूने केलेलं काम मानत नाही. करणाऱ्याच्या मनात प्रेमच असतं. पण या साच्यातून जगातल्या कुठल्याही देशाचं गाणं काढलं तरी एकाच चेहऱ्याचं निघतं. थाई चालीच्या अंगात स्वतःचा वाद्यवृंद आधीपासून आहे, आणि तो तिला विचारलाच गेलेला नसतो.

विचारू या. डोळे मिटा.

खोंगचा सांगाडा तुम्ही कुणाला द्याल? घंटेचा नाद आघाताबरोबर जन्मतो आणि हळूहळू विरतो, म्हणून मी तो बोटाने छेडलेल्या चेलोंना देईन, आणि दर चौथ्या स्वराला हलकासा फ्रेंच हॉर्न. रनात एकची दाट वीण मरिंबाला सहज जमेल, पण मरिंबा फारच ओळखीचा वाटेल, म्हणून ती वीण व्हायोलांच्या दोन गटांत वाटून द्यावी, धनुष्याच्या टोकाने. खोडकर थुमसाठी बासूनइतकं योग्य कुणी नाही. पी नाईची जागा ओबोची, आणि ओबोवाल्याला सांगून ठेवायचं की ताल मोजू नकोस, वरून वाहत जा. आता चौघांना एकदम सोडा. कुणाखाली कुणी नाही. चाल कुठे आहे असं विचारलं तर ती एकाही वाद्यात पूर्ण सापडत नाही, आणि तरी सगळीकडे आहे. हत्ती आता खऱ्या अंगलोटाचा वाटतो.

थोडा वेळ इथेच राहा.

सुरांचा प्रश्न मात्र राहतोच. पियानोचं सप्तक १२ सारख्या घरांचं. थाई सप्तक सात घरांचं, आणि ती सातही घरं जवळपास सारख्या अंतरावर मानली जातात. सप्तकाचे १२०० सेंट धरले तर एक पायरी साधारण १७१ सेंटची. पियानोवर मोठी पायरी २०० ची आणि छोटी १०० ची. आकडे कोरडे वाटत असतील तर गळ्याने करा. तानपुरा किंवा पेटीवर षड्ज धरा. कोमल गंधार लावा. मग शुद्ध गंधार लावा. आता दोघांच्या मधोमध थांबा आणि तिथेच स्थिर राहण्याचा प्रयत्न करा. थाई गंधार साधारण तिथे आहे. मध्यम आणि पंचम आपल्या ओळखीचेच लागतात, पण गंधार दोन दारांच्या मधल्या उंबऱ्यावर असतो. तो उदास नाही, आनंदी नाही. तो तिथलाच आहे.

वाद्यवृंदातली तंतुवाद्यं तिथे पोचू शकतात, कारण त्यांच्या पट्टीवर पडदे नसतात. क्लॅरिनेट, हार्प, व्हायब्राफोन सहज नाही पोचू शकत. मग सगळे मिळून सोयीचा शुद्ध गंधार लावतात आणि गाणं हसरं होऊन बसतं. आठवतं, वर्ग मिळून वरच्या सुराला घसरायचा ते? मुलांचं घसरणं आणि थाई गंधार या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. एक कच्चेपणा आहे, दुसरी शतकांची पक्की घडण. पण सारख्या घरांच्या वाद्यवृंदात दोन्ही एकाच वेळी पुसल्या जातात: चालीचा देशही जातो आणि तिचं वयही. खरं तर आज थाई शाळेतली मुलंही पुष्कळदा कीबोर्डच्या सुरातच गातात, शाळांच्या बँडचा तर तिथे मोठा दबदबा आहे. म्हणजे हा बदल रंगमंचावर नव्याने होत नाही, वर्गात आधीच झाला आहे. त्यामुळे जिथे शक्य आहे तिथे तरी, एखाद्या एकट्या व्हायोलातून, तो उंबऱ्यावरचा गंधार एकदा ऐकवावा, एवढं तरी रचनाकाराने करावं. दोन्ही दुनियांना एकत्र बसवण्याचं अवघड काम झालंही आहे. ब्रूस गॅस्टन हा अमेरिकन संगीतकार बँकॉकला आला, बूनयोंग केतखोंग या थोर रनातवादकाकडे शिकला, आणि पुढे दोघांनी ‘फोंग नाम’ हा वाद्यमेळ उभा केला. तिथे थाई वाद्यांना कुणी पाहुण्यासारखं कोपऱ्यात बसवलं नाही.

आता चाल ताणून पाहू. ही कल्पना बाहेरून आणावी लागत नाही. थाई संगीतात ‘थाव’ नावाची घडण आहे. एक मधल्या लांबीची चाल घ्यायची, तिला दुपटीने लांबवायची, मोकळ्या झालेल्या जागेत नवे स्वर विणायचे. मग मूळ चाल. मग तीच निम्म्यावर आखडायची. गाताना मोठ्याकडून लहानाकडे, संथाकडून जलदाकडे यायचं. बडा ख्याल, छोटा ख्याल ओळीने ऐकलेल्या आपल्या कानाला याची गोडी लगेच लागेल. फरक असा की इथे तिन्ही रूपं एकाच चालीच्या पोटातून निघतात.

‘मॉन दू दाव’ नावाची एक जुनी चाल आहे, मॉन माणूस तारे पाहतो आहे अशा अर्थाची. राजा प्रजाधिपोक, म्हणजे सातवा राम, स्वतः संगीतकार होता. १९२९ मध्ये त्याने या चालीला लांबवून आणि आखडून तिचा ‘थाव’ केला आणि नाव दिलं चांदण्यांनी सजलेल्या रात्रीचं. तीन वर्षांनी, १९३२ मध्ये, क्रांती झाली आणि त्याची अनियंत्रित सत्ता संपली. क्रांतीतला एक प्रमुख माणूस प्रिदी फनोमयोंग याने १९३४ मध्ये थम्मासात विद्यापीठ काढलं, सगळ्यांना खुलं. त्या विद्यापीठाला गीत हवं होतं. खुन विचितमात्रा यांनी शब्द लिहिले, आणि चाल घेतली तीच, ‘मॉन दू दाव’.

थांबा आणि हे नीट आत जाऊ द्या. राजाने महालात बसून जी चाल चांदण्याएवढी लांबवली, तीच चाल त्याची सत्ता घालवणाऱ्यांच्या विद्यापीठात पोरं छाती फुगवून म्हणू लागली. चालीने कुणाची बाजू घेतली नाही. ती दोन्हीकडे पुरली. जो कोणी आज हे विद्यापीठगीत वाद्यवृंदासाठी मांडेल त्याच्यापुढे नुसतं शाळेचं गाणं नसतं, त्या चालीची दोन्ही घरं असतात. संथ रूपात राजाची रात्र येऊ द्यावी, मधल्या रूपात विद्यार्थ्यांची रांग, आणि आखडलेल्या रूपात काय आणायचं ते ज्याने त्याने ठरवावं. पुढे १९६०च्या दशकात थम्मासातला राजा भूमिबोलने बांधलेलं नवं गीत मिळालं, ‘युंग थोंग’. हे नाव तिथल्या ज्या झाडाचं, तो आपला गुलमोहर. १९६३ मध्ये राजाने त्याची रोपं विद्यापीठाच्या आवारात स्वतः लावली.

याच राजाने १९४९ मध्ये चुलालोंगकोर्न विद्यापीठासाठी गीत बांधलं होतं. सूर पाश्चात्त्य वाद्यांवर सुचलेले, पण पाचच स्वरांत राहिलेले. १९५४ मध्ये थेवाप्रसित फात्थयाकोसोन या पारंपरिक गुरूने त्याचं पीफातसाठी प्रारंभसंगीत केलं. म्हणजे वाट उलटी. आधुनिक शालेय गीत घंटा आणि रनात यांच्याकडे गेलं, आणि तिथे ते परकं वाटलं नाही, कारण गुरूने त्याला थाई थरांत उलगडलं, नुसतं थाई वाद्यांवर वाजवलं नाही. वाद्य बदलल्याने गाणं नवं होत नाही. त्याच्या आतली चालण्याची रीत बदलावी लागते. १९५४ मध्ये एका गुरूने जे केलं ते आजच्या वाद्यवृंदाने उलट्या दिशेने, तितक्याच निष्ठेने, करावं एवढीच अपेक्षा आहे. २००५ मध्ये महिदोल विद्यापीठात स्थापन झालेला थायलंड फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्रा थाई सुरावटी नेमाने वाजवतो. वादक उत्तम, सभागृह उत्तम. प्रश्न आता साधनांचा उरलेला नाही.

आता शेवटचं ऐकणं. हे वाद्यवृंदाबाहेरचं आहे.

थाई शाळांत गुरुपूजन होतं, ‘वाय ख्रू’, शक्यतो गुरुवारी, जूनच्या सुमाराला, वर्ष सुरू होताना. मुलं तबकात चार गोष्टी आणतात. हरळी, म्हणजे आपली दूर्वा, तुडवली तरी पसरते म्हणून. वांग्याचं फूल, देठाशी वाकलेलं, म्हणून नम्रतेचं. इक्झोराची सुईसारखी टोकदार फुलं, बुद्धीसाठी. आणि लाह्या, शिस्तीसाठी, कारण तांदूळ झाकणाखाली फुटतो, बाहेर उडून जात नाही. मग सगळी शाळा एक स्तवन म्हणते. आधी-शेवटी पाली, मध्ये थाई. थान फूयिंग दुसदीमाला मालाकुल यांनी ते रचलं. एक मुलगा पुढे म्हणतो, हजार मुलं मागून. साथीला काही नसतं.

ते ऐका. मोठी मुलं खालच्या सप्तकात, लहान वरच्या. कुणी अर्धी मात्रा मागे, कुणी श्वासासाठी मध्येच सोडलेलं. एकच चाल, कुणीही नेमकं दुसऱ्याचं म्हणत नाही, आणि ओळ संपताना सगळे एका सुरावर येऊन टेकतात. पीफातमध्ये जे कसबाने घडतं ते इथे कसबाशिवाय घडतंय. या स्तवनाला कुणी स्वरसमूहांची बैठक देऊ नये, असं माझं ठाम मत आहे. वाद्यवृंदात आणायचंच असेल तर तंतुवाद्यांनी एकसुरात, कंपन न देता, वेगवेगळ्या धनुष्यांनी वाजवावं, आणि मुलं श्वास घेतात तिथे सगळ्या वाद्यवृंदाने गप्प राहावं.

डोळे उघडा. ही गाणी आता खरोखर ऐकावीशी वाटतील, आणि इंटरनेटवर ती मिळतात. फक्त क्रम सांभाळा. आधी हत्तीचं गाणं ऐका, बालवाडीतल्या पोरांच्या आवाजातलं, टाळ्या-गोंधळासकट. मग ‘फमा ख्वे’ पारंपरिक वाद्यांवर. मग लुआंग प्रदित फैरो यांचं ‘सेन खम न्युंग’. मग त्यांच्या मुलाचं ‘सायमीज स्वीट’. आजच्या वाद्यवृंदांनी केलेली शालेय गीतं यानंतर लावा, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी वजन पडतं की नाही ते मांडीवर ठोका धरून तपासा.